शेवटचा नमुना

‘दैनिका’ हे नवे यंत्र; ती तळहातावर मावत होती. तिची दिनदर्शिका, पत्ते आणि गाणी यांची तपासणी दुपारपर्यंत संपली. उरला फक्त कॅमेरा. तो लिखित कागदावर रोखला, की कागदावर कोणी, कधी, काय केले याचे दृश्य पडद्यावर उमटे. यंत्र उत्तीर्ण झाल्यास न्यायालये हा पुरावा मानणार होती.

शेवटचा नमुना परीक्षकाने स्वतः आणायचा, असा नियम होता. परीक्षक डॉ. शर्वाणी टिळेकरांनी बावीस वर्षांपूर्वीची प्रयोगवही उघडली. याच वहीतल्या शोधावर ‘दैनिका’ उभी होती. तिचे निर्माते, आणि टिळेकरांचे तेव्हाचे मार्गदर्शक, डॉ. अच्युत बिडवे समोर बसले होते.

"अगं, हे जुनं बाड कशाला?"

"नियम तुमच्याच समितीचा आहे, सर."

पडद्यावर तरुण बिडवे दिसले. त्यांनी ब्लेडने ‘शर्वाणी टिळेकर’ हे नाव खरवडले आणि त्या जागी स्वतःचे लिहिले.

"यंत्र कधीतरी चुकतंही," बिडवे पुटपुटले.

"तसं लिहून द्या. मी नापास करते."

टिळेकरांनी अर्ज पुढे सरकवला. ‘दृश्य खरे’ किंवा ‘दृश्य खोटे’, यांपैकी एकावर निर्मात्याने खूण करायची होती. बिडव्यांनी आयुष्याची बारा वर्षे या यंत्रात घातली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी ‘खरे’वर खूण करून सही केली.

टिळेकरांनी शाई वाळू दिली, मग शिक्का मारला.

"उत्तीर्ण. अभिनंदन, सर. न्यायालयात जाणारं पहिलं दृश्य हेच असेल."