तीन पायऱ्या

ओझेला माईंनी एक बोट वर केलं आणि त्या बाकावरून उठल्या.

उपदेश करणाऱ्या व्हर्लीनचं वाक्य तोंडातच राहिलं. उपदेश चालू असताना बाहेर जायचं, तर असं बोट वर धरून, माफी मागत जायचं, ही अमेरिकेत अलाबामातल्या त्या चर्चची रीत. माई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या बाकावर बसणाऱ्या, अख्ख्या मंडळीची आई. त्या गेल्या की निम्म्या बायका मागोमाग जाणार. मग मतदानाला व्हर्लीनसाठी हात वर करणार कोण?

आज तिचा परीक्षेचा उपदेश होता. मतं मिळाली तरच उपदेशकाचा परवाना. पाळक आजारी पडल्यापासून नऊ वर्षं तिनंच इस्पितळांच्या वाऱ्या केल्या होत्या, मरणाऱ्यांचे हात धरले होते. तरी चर्चचे कारभारी, डीकन होसिया क्रम यांनी तिचं उपदेशाचं मेज खाली जमिनीवरच मांडलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या बायकांनी चढायच्या नाहीत. गोऱ्यांनी त्यांच्या चर्चमध्ये वर गॅलरीत कोंबलं म्हणून काळ्या माणसांनी हे चर्च बांधलं, आणि आपल्याच बायकांना खाली ठेवलं. वा रे न्याय!

ती बायबलमधल्या हन्नाबद्दल बोलत होती. मूल मागायला मंदिरात आलेली हन्ना. ओठ हलतात, आवाज फुटत नाही, आणि याजक म्हणतो, बाई प्यायलीय. एवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, "देवा, सांभाळ रे हिला." तिथं ही प्रार्थना नसते. उपदेश बुडाला, असा त्याचा अर्थ. आणि नेमक्या तेव्हाच माई उठल्या.

बाईनं उपदेश करणं माईंना पटत नाही, असं सगळेच धरून चालले होते. या विषयावर त्यांनी कधी तोंडच उघडलं नव्हतं. क्रम गालात हसले.

काठी टेकत माई निघाल्या. पण दाराकडे नाही. एक पायरी. दुसरी. तिसरी.

"अहो माई!" क्रम ओरडले. "बायकांनी तिथं चढायचं नसतं!"

"गप बस रे होसिया. दर शनिवारी हे लाकूड पुसतं कोण? तू?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"एकोणिसाव्या वर्षी मला देवानं हाक दिली, उपदेश कर म्हणून. मी बापाला सांगितलं, तर त्यानं हातात फडकं दिलं. पासष्ट वर्षं पुसतेय." त्यांनी खाली पाहिलं. "वर ये, पोरी. हन्नाचं पुढं काय झालं ते इथून सांग."

व्हर्लीनचा पाय उचलेना. माईंनी बाकांवरून सावकाश नजर फिरवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"पुसून झालं की दर शनिवारी मी इथं उभी राहून उपदेश करते. बाकं भरलेली आज पहिल्यांदा बघतेय."