धुळाजीची नजर

धुळाजीनं एक कोकरू उचललं, त्याचं तोंड पाहिलं, समोरच्या मेंढ्यांवरून नजर फिरवली आणि बरोबर त्याच्या मायीखाली नेऊन सोडलं. ते लुचायला लागलं. दीडशे कोकरांत त्याचा हात कधी चुकला नव्हता. एकाची माय अजून चरून यायची होती. ते त्यानं बाजूला बांधून ठेवलं.

"चला आता जल्दी," हवालदार कल्याण म्हणाला. "तुमच्याबिगर दुसरा साक्षीदार न्हाई."

दोन महिन्यांपूर्वी घनसावंगीच्या रस्त्यावर भरदुपारी एकजण मेंढ्या जीपमध्ये कोंबत होता. आडवा गेलेल्या परमेश्वरच्या डोक्यात त्यानं लोखंडी टॉमी घातली. धुळाजीचा एकुलता एक लेक जागीच गेला. धुळाजीनं चोराला पाहिलं होतं, पण पळभरच. आज ओळख पटली नाही, तर पकडलेला माणूस सुटणार होता.

"त्याचं तोंड ध्यानात हाय न्हवं?" बायकोनं, आसराबाईनं विचारलं.

धुळाजीनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो निघाला. तो मेंढ्यांशी बोलायचा त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नसे.

तुरुंगाच्या दारात तासभर थांबावं लागलं. ऊन मी म्हणत होतं. बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. भुवया जुळलेल्या, नाक जरासं डावीकडं कललेलं. तिनं न मागता पाण्याची बाटली पुढं केली.

"प्या, दादा. माझं लेकरू आत हाय. काई केलं न्हाई त्यानं. आज-उद्या सुटंल म्हनतेत."

धुळाजी पाणी प्याला.

आत सात माणसं एका ओळीत उभी होती, सारख्याच उंचीची, सारख्याच वयाची. "घाई नाही, बाबा," नायब तहसीलदार बाई म्हणाल्या. "नीट आठवा."

धुळाजी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि त्यानं पाचव्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाच? नक्की?"

"बिलकुल."

"दीडशे कोकरं वळखनारा मानूस," बाहेर आल्यावर कल्याण म्हणाला. "सात जनांचं काय घेऊन बसलात." म्हातारी अजून बाकड्यावरच होती. धुळाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी आसराबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

"लेकाला न्याय भेटला," ती म्हणाली. "त्याचं तोंड तुमच्या बराबर ध्यानात राह्यलं."

धुळाजीनं भाकरीचा तुकडा मोडला.

"तोंड कुठं ध्यानात व्हतं," तो म्हणाला. "त्याची माय दारात बसल्ती."