घरातली व्यक्ती

दार उघडलं तर शेवंतामावशींच्या जागी त्यांची सून दुर्पता उभी होती.

"मावशी कुठे आहेत?" वृंदाने विचारलं.

"दवाखान्यात. आतड्याचा कॅन्सर निघालाय, लई पसरलाय म्हणे. डॉक्टर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. आता धुणंभांडी मी करते."

वृंदाच्या घरात कुणाला इतक्या उशिरा कळलंच नसतं. बाथरूममधला कमोड रोज सकाळी प्रत्येकाची तपासणी करायचा आणि अहवाल तिच्या फोनवर पाठवायचा. सासऱ्यांच्या आतड्यातली गाठ त्यानेच वेळेत पकडली होती.

मग तिला फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली. 'अनोळखी व्यक्तीने वापर केला' एवढं वाचूनच ती मावशींवर तडकली होती. "पोटात कळ आली हो ताई, खालचा संडास बंद होता. परत नाही जाणार," मावशी मान खाली घालून म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी वृंदाने बाथरूमच्या दाराला अंगठ्याच्या ठशाने उघडणारं कुलूप बसवून घेतलं होतं.

तिने तो जुना संदेश शोधून काढला. पहिल्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. 'शौचात रक्त आढळले. या व्यक्तीला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.' शेवटी प्रश्न होता, 'ही व्यक्ती घरातली आहे का?' आणि त्यापुढे तिनेच दाबलेलं 'नाही'.

तिला दुर्पताकडे बघवेना.

"ताई," दुर्पता अवघडून म्हणाली, "तुमचा वापरायचा नाही, सासूबाईंनी बजावलंय. खालचा संडास कुठं आहे, तेवढं सांगा."