ताई

हात वर करावा की नाही, हे भिंगरीला कळेना. बाईंनी विचारलं होतं, "घरी धाकटा भाऊ किंवा बहीण कुणाकुणाला आहे?" पटापट हात वर गेले. भिंगरीचा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"खाली घे," शेजारची मुलगी म्हणाली. "तुमचं बाळ घरी आलंच नाही. माझ्या मम्मीने सांगितलंय."

भिंगरीने हात खाली घेतला आणि तिला ढकलून दिलं. बाकाचा कोपरा लागून त्या मुलीचा ओठ फुटला.

शाळेतून फोन आला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती अशीच पडून असायची. बाबा दुकानात होते आणि आजीला दोन पावलं चालवत नव्हतं. शेवटी आईच उठली. केस कसेबसे बांधले, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. इतक्या दिवसांनी बाहेरचं ऊन तिला परक्या गावातलं वाटलं.

बाईंनी घडलं ते सांगितलं. "दंगा करते हो एरवी, पण कुणाच्या अंगाला हात नाही लावत कधी."

आईने त्या मुलीची माफी मागितली आणि भिंगरीचं दप्तर खांद्याला लावलं.

आईला दिवस होते तेव्हा घरात लेकीला कुणी भिंगरी म्हणत नसे. ताई, आजीला पाणी दे. ताई, चपला जागेवर ठेव, तुझं बघून बाळ शिकेल. एरवी एका जागी न टिकणारी भिंगरी मोठ्या ऐटीत सगळं ऐकायची. मग आई दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. आजीने झबली-दुपटी माळ्यावर टाकली. बाबांनी भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला बाळाचं काही विचारायचं नाही. कधीच नाही." त्या दिवसापासून तिला कुणी ताई म्हटलं नाही. ती पुन्हा भिंगरी झाली.

बाबांचं पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. पूर्वी ते कुलूप लावलं की काम तिथेच सोडून यायचे. आता जळकी मोटार पिशवीत घालून घरी आणायचे आणि जेवण झालं रे झालं की तांब्याची तार गुंडाळत बसायचे. कुणी काही बोलायला गेलं तर म्हणायचे, "थांब, वेढे चुकतील." बाळाला शेवटचं तेच घेऊन गेले होते, एकटेच. परत आले, अंघोळ केली, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. डोळ्यांत टिपूस नाही. आईच्या मनातून ते जात नव्हतं.

रस्त्यात आई एका शब्दाने रागावली नाही. त्यामुळे भिंगरी जास्तच घाबरली. एका बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली.

"आई, बाबांनी बाळाचं विचारायचं नाही म्हणून सांगितलंय. पण हे बाळाचं नाही. माझं आहे. विचारू?"

"विचार."

"मी ताई आहे का?"

आई पायरीवर बसली. भेटायला आलेला प्रत्येक जण तिला काही ना काही समजावून गेला होता. अजून वय आहे तुझं. मनाला लावून घेऊ नकोस. झालंच नाही असं समज. आणि तीही बिचारी भिंतीकडे बघत तसंच समजायला धडपडत होती.

"आहेस," ती म्हणाली. "तो आला होता गं. राहिला नाही, पण आला होता. तू त्याची ताईच आहेस."

"कसा होता?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"एवढासा. नर्सने गुंडाळून आणला, जरासा दाखवला आणि नेला. नुसता चेहरा दिसला मला. हनुवटी अगदी तुझी."

भिंगरीने स्वतःची हनुवटी चाचपून पाहिली. "आता कुठे असेल?"

"नाही माहीत मला."

"देवाला माहीत असेल?"

त्या दिवसापासून आईने देवाचं नाव घेतलं नव्हतं.

"असेल."

"मग ठीक आहे," भिंगरी म्हणाली आणि तिने आईच्या गालांवरचं पाणी दोन्ही तळव्यांनी पुसलं. ते पुसून संपेना. येणारेजाणारे वळून बघत होते. आईने बघू दिलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भिंगरीच्या पोटात गोष्ट किती वेळ राहणार?

"बाबा, मी आईला विचारलं. ती रागावली नाही. त्याची हनुवटी माझ्यासारखी होती."

आजीने तिला डोळ्यांनी दटावलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आता हे उठतील आणि मोटार काढून बसतील, असं आईला वाटलं. पण ते उठले नाहीत.

"केसही होते त्याला," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दाट. तिथे गेल्यावर मी दुपटं सोडून पाहिलं. सगळे विस्कटले होते. मग बोटांनीच भांग पाडून दिला."