काचेचं कौतुक

काचवाल्याची मुलगी गाड्यांच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत लागली. काम काय, तर रस्त्यावरच्या माणसाचं डोकं पुढच्या काचेवर आपटलं तर काय होईल, ते कॉम्प्युटरवर बघायचं. रोज जेवताना काचवाला विचारायचा, "आज तरी टिकली का गं काच?"

"नाही बाबा, फुटली. छान फुटली!"

तो हातातला घास ताटात ठेवायचा. तीस वर्षं काचा बसवण्यात गेली, आणि पोटची पोर फुटक्या काचेचं कौतुक सांगते!

एके दिवशी दुकानात गाडी आली. पुढच्या काचेचं पार कोळ्याचं जाळं झालेलं, कोपऱ्यात मुलीच्या कंपनीचा शिक्का. मालक नुसता धुमसत होता. "एक डोकं काय आपटलं, फुटली! काच आहे की कागद?"

काचवाला शरमेने पुटपुटला, "डोकं कुणाचं?"

"माझं." मागच्या सीटवरून एक आजोबा कपाळावरची पट्टी चाचपत उतरले. "रस्ता ओलांडताना यांच्या गाडीपुढे आलो. आता दवाखान्यातून घरी सोडताहेत मला. जरा पाणी मिळेल का हो?"

आजोबा घटाघटा पाणी पीत होते, आणि काचवाला एकदा फुटक्या काचेकडे, एकदा त्यांच्या शाबूत डोक्याकडे बघत होता. मग त्याने मुलीला फोन लावला.

"अगं, तुझी काच फुटली," तो म्हणाला. "छान फुटली."