थेंबातली मंडळी

"दिसलं?" मास्तरांनी विचारलं.

ऑपरेटरबाईंनी एक डोळा गच्च मिटला आणि दुसरा त्या बोटभर नळीला लावला. आत पांढरं धुकं. दुसरं काही म्हणजे काही नाही.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "केवढं हिरवं!"

"सांगत नव्हतो?" मास्तर खूश झाले. "शेवाळाचा धागा तो. आत हिरवी फीत असते, गोल जिन्यासारखी. पोरांना असलं काहीतरी दाखवायला हवं होतं. आम्ही आपले जन्मभर नकाशे बडवत बसलो."

मास्तर भूगोलाचे, निवृत्त. खिशात मावणारा हा सूक्ष्मदर्शक परदेशातल्या मुलाने पाठवला होता. स्वस्तातला, खेळण्यातच जमा. "बाबा, घरात कुढत बसू नका, बागेत जा, काहीतरी बघा," असं मुलाने बजावलं होतं. म्हणून मास्तर रोज सकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसायचे. काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायचे, नळीचा छोटा दिवा लावायचे, आधी स्वतः बघून "वा!" म्हणायचे आणि मग नळी शेजारी द्यायचे. शेजारी बाई.

बाई टेलिफोन खात्यात होत्या. अख्खी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. आता घरातला फोन वाजलाच तर राँग नंबर. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. बोलणं व्हायचं ते भाजीवाल्याशी, म्हणून त्या भाजी मुद्दाम थोडीथोडी आणायच्या. रोज जायला निमित्त हवं ना!

खोटं बोलल्या त्या एकटेपणाच्या भीतीने. "काही दिसत नाही" म्हटलं असतं, तर मास्तर "बरं" म्हणाले असते आणि उद्या नळी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती.

पण एक खोटं निभवायला रोज नवं लागतं. बाईंनी वाचनालयातून मुलांचं चित्रांचं पुस्तक आणलं. संध्याकाळी घोकायचं, सकाळी सांगायचं.

"चपलेसारखं काहीतरी पळतंय हो, मास्तर."

"पॅरामिशियम! कडेचे केस बघा त्याचे."

"हो की. वल्ह्यांसारखे हलतायत."

मग गोष्ट थेंबातून बाहेर पडायची. मास्तरांची बायको गेली त्या वर्षाची, बाईंच्या हेडसेटमध्ये ऐकू आलेल्या भांडणांची. घरी परतेपर्यंत बाईंच्या घशाला कोरड पडलेली असायची. ती कोरडसुद्धा त्यांना आवडायला लागली होती.

एके दिवशी बाई जरा हवेत गेल्या. "आज काचेच्या सुयांचा गोळा दिसतोय. अगदी झुंबर!"

"वा!" मास्तर म्हणाले. "मघाशी मलाही तोच दिसला. म्हटलं, बघू ताईंना सापडतो का."

संध्याकाळी बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. मागे लिहिलं होतं : हा जीव फक्त समुद्रात आढळतो.

आली का पंचाईत! बागेच्या तळ्यात समुद्र कुठून आणायचा? आपलं पितळ उघडं पडलं, हे बाईंना कळून चुकलं. मास्तर सज्जन माणूस, म्हणून हो ला हो केलं. पण अशी माया किती दिवस पुरणार? चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी मास्तर शिंकत शिंकतच आले. "ताई, मी काही दोन-चार दिवस येत नाही. सोमवारी भेटू. नळी तुमच्याकडे ठेवा. आल्यावर सगळं सांगायचं मला, हं!"

बाईंनी नळी पर्समध्ये ठेवली. मोतीबिंदूच असणार, त्यांनी ठरवून टाकलं. चांगला चष्मा करून घ्यायचा आणि सोमवारपासून खरोखर बघायचं. मग कशाला हवं ते खोटं?

चष्मेवाल्याने त्यांना अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत उजेड मारला.

"मावशी, डोळे ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा बरे."

"मोतीबिंदू?"

"नावालाही नाही."

बाईंनी पर्समधून नळी काढली. "मग यातून का नाही दिसत मला?"

चष्मेवाल्याने नळीला डोळा लावला. मग तिचं पुढचं टोक फिरवून उघडलं आणि नखाने काहीतरी उचकटलं. शर्टाच्या बटणाएवढी दुधी चकती काउंटरवर पडली.

"भिंगाला चरा पडू नये म्हणून कारखान्यात लावतात ही. वापरण्याआधी काढायची असते. कुणी काढलेलीच नाही! गोंद बघा, जसाच्या तसा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे धुकं सोडून आजवर यातून कुणालाच काही दिसलेलं नाही, मावशी."

बाईंना मास्तरांचं रोजचं "वा!" आठवलं.

"आता बघा," म्हणत त्याने नळी त्यांच्या बाहीवर टेकवली. बाईंनी वाकून पाहिलं. जाडजूड निळे दोर, एकमेकांत गुंतलेले, कडेला एक सोनेरी तंतू. इतकं सुंदर काही त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "अगंबाई," त्या पुटपुटल्या. चष्मेवाल्याने ऐकलं नाही. तो काउंटर पुसत होता. पुसता पुसता त्याने चकती कचऱ्याच्या डब्याकडे लोटली.

"अहो, टाकू नका ती!" बाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "होती तशीच परत चिकटवून द्या. सोमवारी आम्हाला तळ्यावर जायचंय."