उत्तर येईपर्यंत

केतकीने प्रश्न पाठवून दहा मिनिटं झाली होती. पृथ्वीवरच्या डॉक्टरांचं उत्तर यायला आणखी सव्वीस लागणार होती. मंगळावरच्या घुमटातल्या कोरड्या हवेने वीस दिवसांच्या ईराचं नाक पार चोंदलं होतं. दूध ओढायला गेली की ती गुदमरायची.

“माझा मीठपाण्याचा स्प्रे आहे,” केतकीचा नवरा निनाद म्हणाला. “पण एवढा जोर ईराला सोसेल का?”

“स्प्रे नको मारायला. बाटली उघड, ड्रॉपरने थेंब टाकू.”

केतकीने श्वास रोखून प्रत्येक नाकपुडीत एकेक थेंब सोडला. ईरा ठसकली, शिंकली, जोरात रडली. मग छातीशी लागून पोटभर प्यायली.

“वाट पाहू नका, मीठपाणी टाका,” अखेर डॉक्टरांचा आवाज आला. केतकीने तो बारीक केला. लेक झोपली होती आणि केतकीला तिचा श्वास ऐकायचा होता.